गाडी गॅरेजमध्ये आहे

नवीन घराचा ताबा मिळाला त्या रात्री आईला फोन केला आणि बोलता बोलता म्हटलं, आता गाडी गॅरेजमध्ये असते गं, सकाळी उठून काचेवरचा बर्फ खरवडायची कटकट संपली. पलीकडे एकदम शांतता. मग, "अगं बाई, काय झालं गाडीला? ठोकलीस का? लागलं नाही ना कुणाला?"

तिची काही चूक नाही. आपल्याकडे गाडी गॅरेजला 'टाकतात', आणि एकदा टाकली की ती तिकडे चार दिवस पडून असते, आणि मेकॅनिक रोज 'उद्या देतो मॅडम' म्हणतो. धडधाकट गाडी गॅरेजमध्ये कशाला जाईल? मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आडोशाला लावणं असा काहीतरी, तो आपल्यापर्यंत पोचेतो त्याचा दवाखाना झाला. आमच्या कोथरूडच्या घरी बाबांची चेतक जिन्याखाली असायची, सकाळी तिला एका बाजूला कलती करून मग किक, पण त्या जागेला नाव असं काही नव्हतंच, नुसतं 'जिन्याखाली'.

तर हे आमचं आयुष्यातलं पहिलं गॅरेज. ओहायोत, कोलंबसपासून अर्ध्या तासावर. २० फूट बाय २० फूट, १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असं एकच मोठं दार, आत कोरं काँक्रीट, रंग न दिलेल्या भिंती आणि छताला एक केविलवाणा बल्ब. एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले तेव्हा बाबांनी चपला काढायच्या आधी हिशोब केला. ४०० चौरस फूट, म्हणजे बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या अडीच खोल्या. त्यांचं लहानपण वरळीला तसल्याच एका खोलीत गेलंय, सात माणसांत. "आणि यात तुम्ही नुसती गाडी ठेवणार?"

मला तोच प्रश्न आधीपासून छळत होता म्हणा. मी ग्राफ पेपर आणला होता, पेन्सिली आणल्या होत्या, गाड्यांचे आयत कापून ठेवले होते. नवऱ्याला यात काडीचा इंटरेस्ट नाही, त्याची एकच अट, दोन्ही गाड्या आत. आता ऐका. एक गाडी आरसे सोडून साधारण साडेसहा फूट रुंद, दोन झाल्या १३, उरले ७ फूट, ते तीन ठिकाणी वाटायचे, भिंतीकडे, मधे आणि परत भिंतीकडे, आणि दार उघडून माणूस बाहेर पडायला कमीत कमी अडीच फूट लागतात, म्हणजे कागदावरच अर्धा फूट उधार. पुढे चार-साडेचार फूट उरतात तेवढंच आपलं राज्य. या देशात लोक लाख लाखभर डॉलरच्या गाड्या ड्राइव्हवेवर बर्फात उभ्या करतात आणि आत जुने सोफे सांभाळतात, याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही.

सगळ्यात आधी माळा. हे बाबांचं म्हणणं. बिनमाळ्याचं घर त्यांना मंजूरच नाही. इथे छताला टांगायचे लोखंडी रॅक मिळतात, ४ फूट बाय ८ फुटांचे, खोक्यावर ६०० पौंड झेलतो वगैरे लिहिलेलं असतं. रॅक झेलेल हो, पण तो ज्याला टांगायचा ते छत? आमच्या गॅरेजवर खोली नाही, नुसते लाकडी ट्रस, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे आहेत, आणि असले ट्रस वर सामान धरून केलेले नसतील तर त्यांच्या खालच्या दांड्याला साधारण चौरस फुटाला १० पौंडच धरतात, असं वाचल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. ३२ चौरस फूट, ३२० पौंड, म्हणजे विमानातल्या ५० पौंडांच्या भरलेल्या सहा बॅगा. आमच्याकडे बॅगा अकरा आहेत. रिकाम्या धरायच्या म्हटलं तर आमच्या घरात बॅग रिकामी कधीच नसते, एका बॅगेत दुसरी, दुसरीत गणपतीचं मखर, मखराच्या पोटात सोऱ्या. शेवटी रॅक जमिनीवर, भिंतीला टेकून, भिंतीतले उभे वासे १६-१६ इंचांवर असतात ते शोधून त्यात स्क्रू. बाबा नाराज. "याला माळा म्हणत नाहीत, फडताळ म्हणतात."

मग वीज. पुढेमागे इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय म्हणून २४० व्होल्टचं सॉकेट काढून घ्यायचं ठरलं, ५० अँपचं. त्यातून चार्जर सलग ४० अँपच ओढणार, कारण तासन् तास चालणाऱ्या लोडला ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा इथल्या वीज-नियमावलीचा, म्हणजे कोडचा नियम. इलेक्ट्रिशियन अंदाजपत्रक द्यायला आला, मी त्याला परमिटचं विचारतेय, वायर किती जाडीची ते विचारतेय, तेवढ्यात बाबा मागून, "२४० म्हणजे आपल्यासारखंच की! मग इथे आपला मिक्सर चालेल का विचार." हा मिक्सर म्हणजे १२ वर्षांपूर्वी मी पुण्याहून बॅगेतून आणलेला. तेव्हापासून तो इथल्या १२० व्होल्टवर म्हाताऱ्या माणसासारखा कण्हतोय, त्यात ओलं खोबरं वाटायचं म्हणजे संयमाची परीक्षा. मी ते इंग्रजीत कसंबसं विचारलं. इलेक्ट्रिशियनने सॉकेटच्या जागेकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

आईचं मागणं एकच, मासे तळायला जागा. रास्त आहे. इथली घरं लाकडाची आणि बंद, एकदा सुके बोंबील भाजले की वास पडद्यांत आठवडाभर राहतो आणि मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म ओरडतो. ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांत गॅरेजमध्ये एक जादाची शेगडी असतेच. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, म्हणूनच तर गॅरेजमधला गॅसचा वॉटर हीटर असा चढवून बसवतात की ठिणगी पडायची जागा जमिनीपासून १८ इंच वर राहील. तिथे आपण सिलेंडर लावून उघड्या आचेवर पापलेट तळायचं, आणि वर थंडी म्हणून दार लावून घ्यायचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला अक्षता देऊन बोलावणं. मग इंडक्शन, दाराशी, दार पूर्ण उघडं. आणि दार उघडं म्हटलं की आमच्या कॉलनीची असोसिएशन आडवी येते, त्यांच्या नियमात गॅरेजचं दार विनाकारण उघडं ठेवायचं नाही. पापलेट हे कारण धरतात का ते कुठे लिहिलेलं नाही.

त्या दाराबद्दल एक सांगायचं राहिलं. खालून वर सरकणारं दार १९२१ साली सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने काढलं, पाच वर्षांनी त्याला मोटर जोडली, तोवर लोक तबेल्यासारखी दारं ओढत बसायचे. दाराच्या वर जी जाड स्प्रिंग गुंडाळलेली असते ना, दाराचं सगळं वजन ती पेलते, मोटर नुसती हात लावते. तिला आपण हात लावायचा नाही. मागच्या घरी शेजाऱ्यांची तुटली तेव्हा आम्हाला वाटलं फटाका फुटला.

राहिली फरशी. माझा जीव सगळ्यात जास्त तिच्यात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडीखाली खारट चिखल साचतो, रात्री तो गॅरेजमध्ये ठिबकतो आणि काँक्रीटची साल काढतो. म्हणून इपॉक्सी, म्हणजे वाळून टणक होणारा लेप लावायचा, राखाडी, वर ठिपके ठिपके. फरशीला दाराकडे उतार असतो, फुटाला एक अष्टमांश इंच, २० फुटांत अडीच इंच. मी टेबल मांडलं की ते डुगडुगतं म्हणून वैतागले होते, आईने पाहिलं आणि पहिल्यांदाच या घरातल्या एका गोष्टीचं मनापासून कौतुक केलं. "मोरीला असतो तसा उतार काढलाय की छान. धुवायला बरं."

इपॉक्सी लावायच्या आधी खालून ओल येत नाही ना ते तपासावं लागतं, नाहीतर सगळा थर वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो. टेस्ट सोपी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंचाचा चौकोन घ्यायचा, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवायच्या, किमान १६ तास हात लावायचा नाही, मग उचलून बघायचं खाली पाणी धरलंय का, काँक्रीट काळं पडलंय का. मी शुक्रवारी रात्री तीन ठिकाणी चौकोन चिकटवले, गाड्या बाहेर काढल्या, पोरांना दम दिला, नवऱ्याला दम दिला. आईला द्यायचा राहिला.

शनिवारी बाजारहाट करून दुपारी परत आले तर गॅरेजचं दार सताड उघडं, पश्चिमेचं ऊन थेट आतपर्यंत, आणि माझ्या तिन्ही चौकोनांवर ओळीने साबुदाण्याच्या पळीपापड्या. बाजूला बाबा कावळे हाकलायला खुर्ची टाकून बसलेले, इथे कावळा महिन्यातून एकदा दिसतो. आई आतून पातेलं घेऊन येत होती. "बरं झालं प्लास्टिक नीट चिकटवून ठेवलंस, वाऱ्याने उडत नाही. फक्त तीनच काय गं? अजून दोन चिकटव, चीक गरम आहे तोवर."

संध्याकाळी वाकून बघितलं तर एका चौकोनाखाली धुकं धरल्यासारखं दिसतंय. आता ते फरशीतून आलंय की वरच्या गरम चिकाने धरलंय, सांगणार कोण. चौकोन उचलता येत नाही, पापड्या अजून ओल्या आहेत, उद्या दुपारी उलटायच्या आहेत. दोन्ही गाड्या ड्राइव्हवेवर.