कृष्णाने अडवली बोगद्याची वाट

अलोऱ्याच्या वसाहतीत वर्षाला तीन सण मोठे: गणपती, शिमगा आणि सुरक्षा सप्ताह. तिसऱ्याचं नाव ऐकून बाहेरगावचे पाहुणे हसायचे. आम्हा पोरांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. दिवाळीनंतर नवा फ्रॉक अंगावर चढायचा तो याच दिवशी.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात, कोयना प्रकल्पाची ही वसाहत. माझे बाबा चौथ्या टप्प्याच्या कामावर फोरमन होते. डोंगराच्या पोटात 1000 मेगावॅटचं वीजघर आणि त्याला पाणी आणणारे बोगदे, असं ते काम. माणसंही कुठून कुठून आलेली. आजूबाजूच्या गावांतले कोकणी गडी होतेच, शिवाय ओडिशाचे, आंध्रचे, नेपाळचे, आणि दगडाची नस हाताने ओळखणारे वडार. शाळेत आमच्या वर्गात पाच भाषा होत्या आणि डब्यात त्याहून जास्त चवी.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद 4 मार्च 1966 रोजी स्थापन झाली आणि 1972 पासून तो दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. सप्ताहाची सुरुवात त्याच दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी झेंडा, मग प्रतिज्ञा, मग साहेबांचं भाषण. भाषणाबद्दल न बोललेलं बरं. दर वर्षी तेच असायचं आणि दर वर्षी लांबायचं. घोषवाक्य स्पर्धेचंही तसंच. ‘सुरक्षा’ला ‘रक्षा’ जुळवून मुलं मोकळी व्हायची आणि परीक्षकही त्यालाच पहिला नंबर देऊन मोकळे.

खरी गर्दी व्हायची ती कलिंगडांच्या वेळी. मार्च म्हणजे कलिंगडांचे दिवस. दोन सारखी फळं निवडायची, एकाला हेल्मेट घालायचं, दुसरं बोडकं ठेवायचं आणि परातीत ठेवून दोन्हींवर उंचावरून वीट सोडायची. बोडक्याचा लाल चुराडा उडाला की बायका तोंडावर पदर घेत आणि आम्ही पोरं परातीकडे धावत असू. हेल्मेटमधलं कलिंगड मात्र शाबूत राहतं, आणि म्हणून ते खायला मिळत नसे! माझ्या धाकट्या भावाला कितीतरी वर्षं हेल्मेटचा राग होता.

आमचे सुरक्षा अधिकारी, ज्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत, विदर्भातले. बोलायला शांत, पण पट्ट्याच्या, म्हणजे उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्याच्या, बाबतीत भलते कडक. उंचीवर काम करणाऱ्याचा पट्टा कुठे उसवला, तर गडी तो घरी नेत आणि बायकोकडून शिवून घेत. आई शिवणकाम करायची, त्यामुळे आमच्याकडे शेजारपाजारचेही पट्टे यायचे. एका वर्षी साहेबांनी बायकांसाठी वेगळा तास ठेवला. हळदीकुंकवालाच जोडून, म्हणजे गर्दी आपोआप. त्यांनी दोन पट्टे आईच्या हातात दिले आणि विचारलं, “वहिनी, यातला घरी शिवलेला कोणता?” आईने क्षणात ओळखला. टाका तिचाच असणार, असं बाबा नंतर म्हणाले. मग साहेबांनी वाळूने भरलेलं बुजगावणं त्या पट्ट्याला बांधून माचीवरून, म्हणजे उंचावर काम करायला बांधलेल्या फळ्यांवरून, सोडलं. पट्टा तुटला. उसवलेला पट्टा शिवायचा नसतो, तो बाद करायचा, आणि नुसता कोपऱ्यात टाकायचा नाही, तर कापून टाकायचा, म्हणजे घाईत कुणी पुन्हा उचलणार नाही. असं सांगून त्यांनी आईलाच कात्री दिली. मंडपात सगळ्यांसमोर तिने तो कचाकच कापला. त्यानंतर वसाहतीत पट्टा शिवून मागण्याची कुणाची छाती झाली नाही. नवा पट्टा कोठीतून मागून आणायला बायकाच नवऱ्यांच्या मागे लागत. माझ्या मते त्या वर्षीचं सगळ्यात मोठं प्रशिक्षण ते, आणि ते साइटवर झालंच नाही.

संध्याकाळी नमन, म्हणजे कोकणातला नाचगाण्याचा आणि सोंगांचा खेळ. आमच्याकडचे गडी नमन-खेळ्यांचे रसिक, काही तर गावाकडे स्वतः नाचणारे. सप्ताह बऱ्याचदा शिमग्याच्या आगेमागे यायचा. त्यामुळे साहेबांना एक वेगळीच काळजी असायची. पालखीबरोबर रात्र-रात्र जागून आलेला माणूस सकाळी माचीवर चढवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. हजेरी लागायची, पण काम जमिनीवरचं. ठेकेदार कुरकुरत. पण याच जागरणवाल्यांकडून साहेबांनी नमन बसवून घेतलं.

गण झाला की गौळण. मावशी आणि गवळणी डोक्यावर दुधाऐवजी जेवणाचे डबे घेऊन निघाल्या आहेत, मथुरेच्या बाजाराला नाही, तर बोगद्याला. वाटेत कृष्ण आडवा. नेहमीच्या गौळणीत तो दह्यादुधाचं दान मागतो, आमचा कृष्ण टोकन मागायचा. बोगद्यात जाणाऱ्या प्रत्येकाने तोंडाशी असलेल्या फळीवर आपलं पितळी टोकन अडकवायचं आणि बाहेर येताना काढायचं. सुरुंगाचा बार उडवण्याआधी ती फळी बघितली की आत कोण उरलं ते कळतं. मावशी म्हणायची, “मेल्या, मी तुझी मावशी, मला टोकन कशाला?” कृष्ण म्हणायचा, “फळीला मावशी कळत नाही गं!” एका वर्षी पुढच्या रांगेतले मोठे साहेब हसत होते, तर कृष्णाने रंगमंचावरून उतरून त्यांनाच टोकन विचारलं. त्यांच्याकडे नव्हतं. मंडप असा हसला म्हणता! दुसऱ्या दिवसापासून साहेब लोक आधी फळीपाशी थांबायला लागले, असं बाबा सांगत.

मग संकासुर. काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं. हा हेल्मेट न घालणारा, माझ्या टोपीपुढे तुमचं काय, असं म्हणणारा. तो पाणी न सोडता कोरडंच ड्रिलिंग करतो आणि धुळीने खोकत नाचतो. दगडाची ती धूळ फुप्फुसात साठते आणि माणूस वर्षांनी दमेकऱ्यासारखा धापा टाकतो, म्हणून ड्रिलच्या तोंडाशी पाणी पाहिजेच. हे भाषणात दहादा सांगून झालं होतं. संकासुराचा खोकला मात्र पोरं गल्लीत करून दाखवू लागली आणि बापांना ते ऐकावं लागलं. बार उडाल्यावर छतातले सैल धोंडे पाडून घेईपर्यंत पुढे घुसायचं नाही, हेही त्यालाच भोगावं लागायचं. वरून थर्माकोलचा धोंडा पडायचा आणि मृदंग थांबायचा.

ओडिशा-आंध्रच्या मंडळींना शब्द कळत नसत. एका वर्षी साहेबांच्या लक्षात आलं की तरी ती हसतात ती हातवाऱ्यांवर. पुढच्या खेळापासून त्यांनी क्रेनच्या खुणाच नाचात घातल्या. बोट वर करून गोल फिरवलं की ओझं उचल, दोन्ही हात पसरून तळवे खाली करून हलवले की ताबडतोब थांब. क्रेनवाल्याला खुणा करणारा माणूस एकच असायचा, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. अपवाद फक्त ‘थांब’चा. ती खूण कुणीही करो, साहेब करो की झाडूवाली, क्रेन थांबलीच पाहिजे. आम्हा मुलांना हे फारच आवडलं. महिनाभर शाळेच्या मैदानात ‘क्रेन क्रेन’ खेळ चालला आणि मास्तरांनी छडी उचलली की सगळा वर्ग दोन्ही हात पसरायचा.

1996 साली बांधकाम कामगारांचा कायदा आला, 1998 मध्ये त्याचे नियम. जिथे 500 किंवा त्याहून अधिक कामगार तिथे सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगारांचेही प्रतिनिधी हवेत, असं त्यात होतं. बाबा म्हणत, आपल्या नमनात ते आधीच बसलेत.

1999 चा सप्ताह मला सगळ्यात जास्त आठवतो, आणि त्या वर्षी नमन झालंच नाही. 13 मार्चला लेक टॅपिंग होतं. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या तलावाच्या, तळाखालून बोगदा नेऊन खडकाचा शेवटचा जाड पडदा ठेवायचा, आणि तो स्फोटाने उडवून तलावाचं पाणी बोगद्यात घ्यायचं. धरण रिकामं न करता. आपल्या देशात असं काम तोवर झालेलं नव्हतं. सगळेच तणावात. तरी 4 तारखेला संध्याकाळी कृष्णाचं काम करणारा गडी मोरपीस लावून नुसताच फळीपाशी उभा राहिला आणि पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला टोकन मागत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. 13 तारीख नीट पार पडली. रात्री बाबा घरी आले, जेवले आणि आधी झोपले. दुसरं टॅपिंग पुढे 25 एप्रिल 2012 ला झालं, तोवर आम्ही अलोरे सोडलं होतं.

आता हल्लीच्या कामांवर नव्या माणसाला संगणकावर फिल्म दाखवतात, डोळ्यांना चष्मा लावून उंचावरून पडल्याचा भास देतात. चांगलंच आहे. माझा भाचा पुण्यात मेट्रोच्या कामावर होता, त्याने तो चष्मा लावला तेव्हा त्याचे पाय खरोखर लटपटले. पण तो चष्मा त्याच्या बायकोने लावलेला नाही, ही माझी तक्रार.

वसाहतीतले जुने लोक अजून वर्षातून एकदा चिपळुणात भेटतात. गेल्या वेळी हॉलमध्ये सूत्रसंचालन सुरू होणार तोच मागून आमची मावशी, म्हणजे नमनातली, आता वय झालेली, उठून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. मागचं दार खुर्च्यांच्या ढिगाने बंद होतं. केटररची माणसं गोंधळली, आमच्यातला एकही जण जागचा हलला नाही. खुर्च्या उचलून दार मोकळं होईपर्यंत वीस मिनिटं गेली, वडे थंड झाले आणि केटररने त्याचे पैसे जास्त लावले. मंडळाने ते देऊन टाकले.