क्लोन एक तृतीयांशावर अडतो तेव्हा

लॅपटॉप दुरुस्तीला आला तेव्हा सोबत दोन वस्तू होत्या: १ टीबीची कोरी एसएसडी आणि सॅटा डिस्क यूएसबीला जोडायची केबल. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क भरत आली होती, लॅपटॉप संथ झाला होता, म्हणून दुप्पट मोठी डिस्क घेतली होती. एका डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवर उतरवणाऱ्या, विंडोजमधल्या क्लोनिंग सॉफ्टवेअरने तीनदा प्रयत्न झाला आणि तिन्ही वेळा काम साधारण एक तृतीयांशावर अडलं. संदेश दर वेळी तोच: त्रुटी क्रमांक २३, डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक, म्हणजे वाचलेला डेटा पडताळणीत जुळला नाही. लॅपटॉप ज्यांचा, त्या अनुवादाचं काम करतात. नवी डिस्क सदोष असावी किंवा केबल, असा त्यांचा अंदाज होता. संदेशात कोणत्या डिस्कवर चूक झाली हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे असा अंदाज कुणीही करेल.

क्लोनिंग म्हणजे नव्या डिस्कवर लिहिण्याइतकंच जुन्या डिस्कवरून वाचण्याचं काम. रोजच्या वापरात ज्या जागेला कधी हात लागत नाही, तिथेही क्लोनिंग सॉफ्टवेअर पोचतं. म्हणून पहिली तपासणी जुन्या डिस्कची. तिच्या स्मार्ट नोंदींत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत, तीन आकडे पाहायचे. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे): इथे ८. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर: इथे ११२. आणि सी७ म्हणजे डिस्क ते मदरबोर्ड या वाटेवर झालेल्या चुका: इथे शून्य. या वाटेवरची जोडणी खराब असती तर सी७ वाढलेला दिसला असता. या डिस्कचा भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचा आहे आणि त्यात ५१२ बाइटचे आठ तार्किक सेक्टर बसतात, म्हणून सी५ आठाच्या पटीत दिसतो. ११२ भागिले ८, म्हणजे १४ ठिकाणी तबकडी वाचू देत नव्हती. संथपणाचंही कारण तिथेच होतं. अशा जागी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते आणि तोवर विंडोज ताटकळतं. डिस्क भरणं आणि डिस्क मरायला लागणं या दोन तक्रारी बाहेरून सारख्याच दिसतात.

मग मोठी डिस्क टाकण्याचं काम मागे पडलं आणि जुनीतलं सगळं बाहेर काढणं पुढे आलं. ठरलं ते असं: ही डिस्क आता फक्त एकदा, सलग, सावकाश वाचायची. तिच्यावरचं विंडोज पुन्हा सुरू करायचं नाही, कारण नुसतं सुरू होण्यातही शेकडो ठिकाणी लिहिलं जातं. आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवायचं नाही. क्लोन करण्याआधी चेकडिस्क चालवा हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि धडधाकट डिस्कसाठी तो बरोबरही आहे. पण 'आर' पर्याय लावून ते आजारी डिस्कवर चालवलं, तर सगळी डिस्क वाचून निघते, वर फाइल सिस्टिममध्ये बदल लिहिले जातात. जे दुरुस्त करायचं ते नक्कलीवर. डिस्क टकटक आवाज करत असती तर एकदाही वाचायला घेतली नसती, सरळ डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे जायला सांगितलं असतं. इथे आवाज नव्हता, फिरणं एकसारखं होतं.

लॅपटॉप उघडताना एक कागद जवळ ठेवावा. तळाच्या झाकणाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर टोचून ठेवायचा, कारण मागचे स्क्रू लांब आणि पुढचे आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो टचपॅडजवळच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा प्लग, मग डिस्क. नवी एसएसडी आणि जुनी डिस्क दोन्ही २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीच्या होत्या, त्यामुळे खाच आणि पट्टी तीच चालली. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर ७ मिलिमीटरच्या नवीसोबत अडीच मिलिमीटरची चौकट लागते, नाहीतर ती सॉकेटमध्ये हलत राहते.

दोन्ही डिस्क टेबलावरच्या डेस्कटॉपला थेट सॅटाने, म्हणजे मदरबोर्डवरच्या डिस्कच्या जोडणीने, जोडल्या. यूएसबी केबल बाजूला ठेवण्याची कारणं आहेत. वाचता न येणारा सेक्टर लागला की बऱ्याच केबलमधली रूपांतरक चिप स्वतः रीसेट होते आणि डिस्क यंत्रणेतून गायबच होते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो आणि २.५ इंची हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याच्या दुप्पट लागू शकतात. काही रूपांतरक तर ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतात. त्यातून केलेला क्लोन लॅपटॉपमध्ये थेट बसवला की पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले विभागच, सापडत नाहीत.

डेस्कटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला, डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडणं, बंद करून. आता सगळ्यात धोक्याचा क्षण: कोणती डिस्क कोणती. लिनक्स देतं त्या एसडीए आणि एसडीबी या नावांवर कधीही विसंबू नये, पुढच्या वेळी ती उलटी असू शकतात. यादीत क्षमता, मॉडेल आणि अनुक्रमांक असे तिन्ही रकाने मागवावेत आणि अनुक्रमांक डिस्कच्या लेबलवर बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवावा. उलट दिशेने झालेल्या क्लोनवर उपाय नाही.

त्याच यादीत दुसरी गोष्ट उघड झाली. सी ड्राइव्हच्या पार्टिशनचा प्रकार एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) असा नव्हे, तर बिटलॉकर असा दिसत होता, म्हणजे विंडोजने डेटा कुलूपबंद करून ठेवला होता. ते एन्क्रिप्ट केलेलं आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. ही बाब आधी कळणं फार महत्त्वाचं. भरलेली जागा कोणती आणि रिकामी कोणती हे एन्क्रिप्शनमुळे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे वापरलेला भागच नक्कल करणारी साधनं इथे कामाची नाहीत, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं उतरवावं लागतं. आधी बिटलॉकर काढून टाकू हा विचारही सोडावा, कारण डिक्रिप्ट करणं म्हणजे मरत्या डिस्कवर सगळं पुन्हा लिहिणं. लागते ती ४८ अंकी रिकव्हरी की. लिनक्समधल्या क्रिप्टसेटअप या एन्क्रिप्शनच्या साधनाने त्या पार्टिशनची माहिती काढली की रिकव्हरी कीचा ओळख क्रमांक दिसतो. त्यांनी फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहिलं, तिथे तीन की होत्या, त्यातल्या एकीच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळली. की कागदावर लिहून घेतली, मगच नक्कल सुरू.

साधन डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कवरून डेटा उतरवून घेणारं. त्याची नकाशा फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली. कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं, हे त्यात नोंदलं जातं. वीज गेली तरी काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. ही फाइल विसरली तर सगळं वाचन पुन्हा, आणि पुन्हा वाचन या डिस्कला परवडणारं नव्हतं. पहिली फेरी 'एन' पर्यायाने: जिथे अडेल तिथे झगडत बसायचं नाही, उडी मारून पुढे जायचं, आधी सगळा निरोगी भाग ताब्यात घ्यायचा. डिस्कवर छोटा पंखा रोखून ठेवला होता.

वेग सुरुवातीला सेकंदाला १०५ एमबी होता, शेवटाकडे ५५ वर आला. हे पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण तबकडीचा बाहेरचा घेर मोठा, एका फेऱ्यात जास्त डेटा, आणि आत जाऊ तसा घेर लहान. सरासरी ८० धरली तर ५०० जीबीला पावणेदोन तास होतात. इथे दोन तास पंचवीस मिनिटं लागली. वरची चाळीस मिनिटं त्या मूठभर सेक्टरांनी खाल्ली. पडद्यावर तिथला वेग शून्यावर येतो, 'शेवटचं यशस्वी वाचन' या ओळीतले सेकंद वाढत राहतात, डिस्कचा हलका खरखर आवाज येतो आणि मग एकदम आकडा उसळी मारून पुढे जातो. त्या वेळी केबलला किंवा डिस्कला हात लावू नये.

फेरी संपली तेव्हा १.३ एमबी बाकी होतं. दुसरी फेरी 'डी' आणि 'आर ३' पर्यायांनी: ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश टाळून थेट वाचन आणि प्रत्येक वाईट सेक्टरला तीन संधी. उलट दिशेनेही एकदा वाचून घेतलं, कारण खराब टापूच्या पलीकडच्या काठाने आलं की काही सेक्टर देऊन टाकतात. शेवटी ७२ केबी उरलं: १४४ तार्किक, म्हणजे १८ भौतिक सेक्टर. स्मार्टमधला सी५ आता १४४ झाला होता, सकाळच्या ११२ वरून. आणखी फेऱ्या मारता आल्या असत्या, पण इथे थांबणं योग्य वाटलं. जुनी डिस्क बंद करून काढून ठेवली.

आता नव्या डिस्कवरची दुरुस्ती. जीपीटी या पार्टिशन मांडायच्या पद्धतीत पार्टिशन तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांवर असते. ५०० जीबीची जशीच्या तशी नक्कल १ टीबीवर उतरवली की ती प्रत मध्येच राहते. हा तक्ता बदलणाऱ्या एसजीडिस्कच्या 'ई' पर्यायाने ती नव्या शेवटाला नेली. मग एसएसडी लॅपटॉपमध्ये, जुनी डिस्क पूर्ण बाजूला. दोन्हींवर सारखेच ओळख क्रमांक असतात, एकदम जोडल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं, आणि सुरुवात नेमकी कुठून होते आहे तेही कळत नाही. पहिल्याच सुरुवातीला बिटलॉकरचा निळा पडदा आला, ४८ अंक दिले, विंडोज उघडलं. आता चेकडिस्क, 'एफ' पर्यायाने, नव्या डिस्कवर. त्यानंतर विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ. दोन्ही स्वच्छ.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह जुन्याच आकाराचा, त्याच्या उजवीकडे रिकव्हरी पार्टिशन, आणि त्याच्या पलीकडे ४६५ जीबी मोकळं. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट, कारण विंडोज फक्त लगतची मोकळी जागा जोडतं. रिकव्हरी पार्टिशन नुसतं उडवून दिलं तर जागा मिळते, पण बिघाडाच्या दिवशी दुरुस्तीचा पडदा मिळत नाही. तो टिकवायला विंडोजच्या री-एजंट-सी या आज्ञेला 'डिसेबल' सांगायचं, म्हणजे विन-आर-ई ची, त्या दुरुस्ती यंत्रणेची, फाइल सी ड्राइव्हवर येते. मग विंडोजच्या डिस्कपार्ट या पार्टिशनच्या साधनामध्ये ते पार्टिशन निवडून, तेच आहे याची प्रकारावरून खात्री करून, 'ओव्हरराइड' लावून काढायचं. सी ड्राइव्ह वाढवताना शेवटी १ जीबी राखायचा, तिथे नवं पार्टिशन करून त्याला रिकव्हरीचा प्रकार क्रमांक द्यायचा, आणि री-एजंट-सी ला 'इनेबल'. बिटलॉकर चालू असतानाही विंडोज हे वाढवू देतं, बाहेरच्या साधनांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: सेक्टरनिहाय नक्कलीत रिकामी जागाही लिहिली जाते, त्यामुळे एसएसडीला ती सगळी भरलेली वाटते. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' एकदा हाताने चालवलं की ट्रिम होऊन, म्हणजे कोणती जागा रिकामी ते एसएसडीला कळून, ती मोकळी होते.

उरले ते १८ सेक्टर. ते कोणत्या फायलींत पडले हे कळल्याशिवाय लॅपटॉप परत देणं मनाला पटत नाही. साध्या डिस्कवर खराब जागी एखादा ओळखीचा शब्द भरून तो फायलींत शोधता येतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर तो शब्द उलगडताना निरर्थक बाइट होतो, म्हणून गणितच करावं लागतं. नकाशा फाइलमधली एक जागा ३१,२४,७५,६४८ व्या सेक्टरची. सी ड्राइव्ह २,३९,६१६ पासून सुरू. वजाबाकी ३१,२२,३६,०३२. विंडोज फायलींना जागा देतं ती क्लस्टरच्या मापाने आणि एका क्लस्टरमध्ये आठ सेक्टर, म्हणून भागिले ८: क्लस्टर ३,९०,२९,५०४. हा आकडा विंडोजमधल्या एफएसयूटिलच्या 'व्हॉल्यूम क्वेरीक्लस्टर' आज्ञेला दिला की ते फाइलचं नाव सांगतं. असं अठरा वेळा.

नऊ क्लस्टर रिकाम्या जागेत निघाले. सहा एका अपडेटच्या उतरवून ठेवलेल्या पॅकेजमध्ये, ते पुसून पुन्हा उतरवलं. दोन एका व्हिडिओत, तिथे चित्र अर्धा सेकंद फुटतं. आणि एक आउटलुकच्या जुन्या पीएसटी फाइलमध्ये, जिच्यात मेल साठवलेले असतात. त्या फाइलची आधी प्रत काढली, मग इनबॉक्स रिपेअर टूल चालवलं. मेल सगळे आले, एक संलग्न फाइल उघडली नाही. त्या मेलची तारीख आणि विषय कागदावर लिहून दिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "पाठवणाऱ्यांकडे मूळ प्रत असेल, मी मागवते."

जुन्या डिस्कवर चिठ्ठी लावली: अनुक्रमांक, तारीख, '१८ सेक्टर गेले, क्लोन झालेला आहे, जोडू नये'. नकाशा फाइलची प्रत त्यांच्या नव्या डिस्कवर ठेवली आणि ४८ अंकांचा कागद त्यांच्या हाती दिला.