शकीराचा कार्यक्रम, आईचे गुडघे आणि तिकिटांची अदलाबदल

न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर 15 मे 2025 ला कोलंबियन गायिका शकीराचा कार्यक्रम झाला आणि आम्ही तो आईसकट पाहिला. कार्यक्रमाबद्दल पुढे लिहीनच, पण आज लिहायला बसले ती एका रीसेल, म्हणजे लोकांनी घेतलेली तिकिटं पुन्हा विकणाऱ्या कंपनीमुळे. त्यांच्या ॲपचं चिन्ह कुठे दिसलं तरी अजून माझं डोकं तापतं. आईवडिलांना इथे बोलावायचं आणि गुडघे दुखतात म्हणून त्यांना टीव्हीसमोर बसवून आपण बाहेर जायचं, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत होतं. तसं करायची गरज नसते, एवढं तरी लोकांना कळावं.

आईला शकीरा आवडते हे ऐकून इथल्या एडिसन गावातल्या मैत्रिणींना नवल वाटलं होतं. 2010 चा दक्षिण आफ्रिकेतला फुटबॉल वर्ल्ड कप बाबांनी रात्र रात्र जागून पाहिला, आणि त्यांच्यासोबत बसून, त्या वर्ल्ड कपच्या 'वाका वाका' गाण्यामुळे आई शकीराच्या प्रेमात पडली. त्याआधी, मार्च 2007 मध्ये शकीरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गेली होती. तेव्हा मी कॉलेजात होते आणि डोंबिवलीहून रात्रीचं तिकडे जायला आईनेच परवानगी दिली नव्हती. त्यामुळे या वेळी आईचं इथे यायचं ठरल्यावर चौथं तिकीट तिचं, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

हा दौरा मुळात 2024 च्या हिवाळ्यात, बंदिस्त अरीनांमध्ये व्हायचा होता. मागणी पाहून तो पुढे ढकलला आणि मोठ्या स्टेडियमवर नेला. 11 फेब्रुवारी 2025 ला रिओ दि जानेरोतून सुरुवात झाली, मग लॅटिन अमेरिका आणि मे महिन्यात इकडे. चाहत्यांना आनंदच झाला, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला हा बदल महागात पडतो. मेटलाइफमध्ये 82 हजारांवर माणसं बसतात. आमच्या जागा सगळ्यात वरच्या, तीनशेच्या पट्ट्यात होत्या. तिथल्या पायऱ्या उभ्या चढाच्या आहेत. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिथेच चढउतर करून आईचे गुडघे गेले. सपाटीवर काठी घेऊन ती छान चालते, चार पायऱ्या दिसल्या की मात्र कठड्याला धरून उभी राहते.

थेट विक्रीत चार जागा शेजारी शेजारी मिळाल्या नव्हत्या, म्हणून रीसेलवर घेतल्या होत्या. पैसे लगेच कापले गेले. तिकिटं मात्र ॲपमध्ये आली नाहीत, नुसती ऑर्डरची पावती आली. तिकिटं 'वेळेवर पोहोचतील' असं तिच्यावर लिहिलं होतं. या दोन शब्दांनी पुढे माझा जीव काढला.

आई एप्रिलमध्ये आली. तिची चाल बघितल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला चॅटवर विचारलं, की या चार जागांच्या बदल्यात पायऱ्या नसलेल्या, म्हणजे ॲक्सेसिबल जागा मिळतील का? आधी रोबोट बोलला, मग माणूस. त्याने सांगितलं की सगळी विक्री अंतिम आहे, बदल होत नाही. जमेल तर ही तिकिटं आमच्याच ॲपवर विकायला लावा आणि नव्याने ॲक्सेसिबल जागा विकत घ्या. मी विकायला लावायला गेले, तर ॲप म्हणतं की तुमच्या खात्यात तिकिटंच नाहीत. विक्रेत्याने ती अजून पाठवलेलीच नव्हती! म्हणजे हातात नसलेली तिकिटं विकायची आणि त्या पैशांत दुसरी घ्यायची. हे मी चॅटवरच्या माणसाला समजावून सांगितलं, तर त्याने तोच सल्ला पुन्हा चिकटवला.

पुढच्या वेळी फोन केला. तिथल्या बाईंनी निदान ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पाठवला. फॉर्ममध्ये डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडणं सक्तीचं. ते जोडल्याशिवाय खालचं बटण उमटतच नव्हतं. आईचे डॉक्टर डोंबिवलीत. वेळेच्या फरकामुळे पहाटे उठून त्यांना फोन लावला. त्या भल्या माणसाने दवाखाना उघडायच्या आधी लेटरहेडवर इंग्रजीत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते जोडलं. उत्तर आलं की प्रमाणपत्र अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरचं हवं. आई व्हिजिटर व्हिसावर. प्रवासी विमा आधीपासूनच्या दुखण्याला पैसे देत नाही. मग नुसत्या कागदासाठी इथल्या डॉक्टरकडे खिशातून पैसे भरून जायचं का? नवरा म्हणाला, जाऊन ये, विषय संपव. मला ते पटेना. एका मैफलीत बसण्यासाठी माझ्या आईने आपले गुडघे सिद्ध करून दाखवायचे, हे मला आतून लागलं होतं.

म्हणून नियम शोधायला बसले. अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 1990 चा आहे, त्याला इथे सगळे एडीए म्हणतात. त्याखालचे तिकीटविक्रीचे नियम 2010 मध्ये सुधारले आणि मार्च 2011 पासून लागू आहेत. न्याय खात्याने एडीएच्या सरकारी संकेतस्थळावर ते सोप्या प्रश्नोत्तरांत दिले आहेत आणि वाचायला अर्धा तास पुरतो. एका कार्यक्रमाच्या तिकिटासाठी अपंगत्वाचा पुरावा मागता येत नाही. फार तर ही जागा चालण्या-चढण्याची अडचण असलेल्या व्यक्तीसाठीच आहे ना, एवढं विचारता येतं. व्हीलचेअरच हवी असंही नाही, ज्याला पायऱ्या चढवत नाहीत त्यालाही हा नियम लागू होतो. शेजारी जागा शिल्लक असतील तर सोबत आणखी तिघांना बसता येतं. आम्ही बरोबर चौघं होतो. या जागांना जास्त पैसे लावता येत नाहीत. आणि आमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या हाताने, म्हणजे रीसेलवर घेतलेलं साधं तिकीटसुद्धा बदलून मिळतं. ते काम स्टेडियमने करायचं असतं, आणि तुम्ही तिकीट दाखवाल त्या क्षणी तशी जागा रिकामी असली पाहिजे.

हे वाचल्यावर मी त्या कंपनीला नियम उद्धृत करून लांबलचक मेल लिहिलं. उत्तर आलं की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, व्यवहार तुमच्यात आणि विक्रेत्यात आहे. मग मध्यस्थाने प्रमाणपत्र कोणत्या अधिकाराने मागितलं? हा प्रश्न मी विचारला, त्याला उत्तर आलं नाही. तक्रार मात्र 'सोडवली' म्हणून बंद केल्याचं मेल आलं.

आता प्रमाणपत्राचा प्रश्न मिटला होता, कारण त्याची गरजच नव्हती. तिकिटांचा मिटला नव्हता. बदलून मागायची तर ती आधी माझ्या हातात हवीत. स्टेडियमच्या फोनवर हेच सांगितलं, तिकिटं खात्यात आली की या, आम्ही बघतो. तोवर ते काय बघणार? मी कंपनीला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, विक्रेता तिकिटं कधी पाठवणार? त्यांचं उत्तर ठरलेलं, त्याच्याकडे कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मुदत आहे. एकेक दिवस जात होता आणि तसतशा त्या मोजक्या जागा दुसरं कुणी घेऊन जात असणार, हे मला दिसत होतं. नियम म्हणतो 'तिकीट दाखवाल त्या क्षणी', आणि तो क्षण एका अनोळखी विक्रेत्याच्या मर्जीवर टांगलेला. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आलं का गं?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "जाऊ दे, तुम्ही तिघं जा, मी घरी बसून तिची गाणी लावीन." ते ऐकलं की मी पुन्हा फोन उचलायचे.

म्हणून सांगते, रीसेलवर तिकीट घेताना जागा आणि किंमत बघायच्या आधी ते हातात कधी मिळणार ते बघा. काही तिकिटांवर 'लगेच मिळेल' असं लिहिलेलं असतं. घरात वयस्कर माणूस असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावीत. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशीच अधिकृत विक्रीत ॲक्सेसिबल जागा निवडा, नकाशावर त्यासाठी वेगळा पर्याय असतो. आई म्हणाली होती, "मी काही अपंग नाही, खरंच गरज आहे त्याची जागा कशाला घ्यायची?" तिला मी न्याय खात्याचा मजकूर मराठीत वाचून दाखवला. पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी त्या आहेत आणि तू त्यांच्यातली आहेस, हे तिने शेवटी मान्य केलं.

मधल्या काळात दौरा रद्द होण्याची धास्तीही होती. फेब्रुवारीत पोटाच्या त्रासामुळे शकीराला पेरूतल्या लिमामध्ये रुग्णालयात ठेवलं होतं आणि तिथला कार्यक्रम पुढे गेला. कोलंबियातल्या मेडेयीनचा कार्यक्रम मंचाच्या बांधकामातल्या बिघाडामुळे थांबला होता. त्यात रेल्वेचा संप. न्यू जर्सीच्या इंजिनचालकांचा संप 15 मे च्या मध्यरात्री, 16 तारीख लागताच सुरू होणार म्हणून सरकारी रेल्वे आणि बस सेवेने 15 आणि 16 मे या दोन्ही दिवसांच्या कार्यक्रमांसाठी स्टेडियमकडे जाणाऱ्या गाड्या आधीच रद्द केल्या. 1983 नंतरचा राज्यातला हा पहिलाच असा संप. आम्ही सीकॉकस स्टेशनला गाडी बदलून जाणार होतो, लिफ्ट असल्यामुळे आईला ते सोयीचं होतं. मग पार्किंगचा पास आगाऊ घेतला आणि कार काढली. टर्नपाइक महामार्गाने जा, 16 डब्ल्यू या एक्झिटला उतरा आणि दुपारीच निघा, इतकंच त्यात सांगण्यासारखं.

तिकिटं आदल्या रात्री आली. मी जेवणाचं ताट बाजूला सारून ॲप उघडलं, चारही तिकिटांचे बारकोड दिसले आणि मला रडू आलं. नवऱ्याने लगेच चारही एकाच फोनवर ठेवायला सांगितलं, ते फार बरं केलं. वेगवेगळ्या फोनवर पाठवली असती तर खिडकीवर पुन्हा घोळ झाला असता.

दुसऱ्या दिवशी गर्दी व्हायच्या आत तिकीट खिडकीवर पोहोचलो. जागा उरल्या नसतील तर नवरा आणि लेक वर जातील, मी आईसोबत परत फिरेन, असं ठरवूनच गेलो होतो. खिडकीतल्या तरुणाने आईकडे पाहून एकच प्रश्न विचारला, पायऱ्या चढायला त्रास होतो का? मी हो म्हटलं. त्याने संगणकावर पाहिलं, जुनी चार तिकिटं रद्द केली आणि त्याच वरच्या पट्ट्यातल्या, लिफ्टमधून उतरून सपाटीने जाता येईल अशा चार शेजारच्या जागा दिल्या. एक डॉलरही जास्त घेतला नाही. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम! ज्या कामासाठी ती कंपनी मला इतके आठवडे नाचवत होती, ते इतकं साधं होतं. त्या तरुणाचे मी हात जोडून आभार मानले, आणि मला माझा स्वतःचाही अभिमान वाटला.

पारदर्शक पिशवीचा नियम कडक आहे, बारा इंच बाय सहा बाय बारा. आईची नेहमीची पर्स कारमध्ये ठेवावी लागली. औषधं मात्र तपासून आत नेता येतात, ती मूळ वेष्टनात ठेवा.

आणि कार्यक्रम! शकीरा थेट मंचावर उगवत नाही, निवडक चाहत्यांसोबत मैदानातल्या गर्दीतून चालत येते. आमच्या पुढचे सगळे प्रेक्षक उभे राहिले तरी बसलेल्या आईला ते स्पष्ट दिसत होतं, कारण या जागा पुढच्यांच्या डोक्यावरून दिसेल अशाच बांधाव्या लागतात. तिच्या 'शी वुल्फ' गाण्यातली लांडगीसारखी हाक सगळ्या स्टेडियमने दिली तेव्हा आईनेही दिली. आजूबाजूला कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोरचे झेंडे, आजीपासून नातीपर्यंत तीन तीन पिढ्या एकत्र आलेल्या. याच दौऱ्याच्या अल्बमला फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं तेव्हा शकीराने ते अमेरिकेतल्या स्थलांतरित बंधुभगिनींना अर्पण केलं होतं, ते इथे बसल्यावर नीट समजलं. मागच्या बाजूची एक कोलंबियन आजी आईशी स्पॅनिशमध्ये बोलत होती, आई मराठीत उत्तरं देत होती आणि दोघी टाळ्या देत होत्या.

निघताना घाई करू नका. आम्ही गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच थांबलो, मग तिथल्या कर्मचाऱ्याने व्हीलचेअरवरून आईला लिफ्टमधून फाटकापर्यंत सोडलं. पार्किंगमधून बाहेर पडायला मात्र फार वेळ गेला, कारमध्ये पाणी आणि खायला ठेवा.

एक सांगायचं राहिलं. काही दिवसांनी राज्याच्या आरोग्य खात्याने कळवलं की 15 मे च्या कार्यक्रमाला गोवराची लागण झालेली एक व्यक्ती आली होती, आणि 6 जूनपर्यंत ताप किंवा पुरळ येतं का यावर लक्ष ठेवा. लेकीच्या लसींची नोंद शाळेकडे होती. आईला लहानपणी गोवर येऊन गेलेला. माझी आणि नवऱ्याची नोंद मात्र डोंबिवलीतल्या कपाटात, भावाने ती शोधून फोटो पाठवले. तुमचे असे कागद तिकडे पडले असतील तर आताच मागवून ठेवा. आम्हाला कुणालाही काही झालं नाही.