नवजात बाळ, पण नवा पेशंट नव्हे

अमेरिकेतल्या एका बालरोग क्लिनिकचे क्लेम, म्हणजे विमा कंपन्यांकडे जाणारी बिलं, आम्ही पुण्यातून बघतो. त्या दिवशी एक डिनायल, म्हणजे नाकारलेला क्लेम, समोर आलं : चार दिवसांच्या बाळाची तपासणी, नव्या पेशंटचा कोड ९९३८१, नाकारण्याचं कारण बी१६. पेयरचं, म्हणजे विमा कंपनीचं म्हणणं, हा पेशंट नवा नाही.

बाळ चार दिवसांचं, क्लिनिकमध्ये पहिल्यांदाच आलेलं, म्हणून कोडरने, म्हणजे क्लेमवर कोड लावणाऱ्याने, ‘नवा पेशंट’ लावला. पण कोडिंगमध्ये नवा म्हणजे गेल्या ३ वर्षांत त्याच ग्रुपच्या, त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरांनी कधीच न तपासलेला. या बाळाला ग्रुपमधल्याच डॉक्टरांनी हॉस्पिटलात पाहिलं होतं, त्याचा कोड ९९४६० लागलाही होता. तो क्लेम ‘बेबी बॉय’ आणि आईचं आडनाव अशा नावाने गेलेला. क्लिनिकने मात्र बाळाच्या ठेवलेल्या नावाने दुसरा चार्ट, म्हणजे पेशंटची नोंद, उघडला. जन्मतारीख आणि आईचा मेंबर आयडी टाकल्यावर दोन्ही चार्ट सापडले. नावावरून शोधत बसलो असतो तर सापडले नसते.

दुरुस्ती : जुन्या पेशंटचा कोड ९९३९१, सोबत निदानाचा कोड झेड००.११०. क्लेम फॉर्मच्या बॉक्स २२ मध्ये ७ (म्हणजे आधीच्या क्लेमच्या जागी हा) आणि पेयरने मूळ क्लेमला दिलेला नंबर. तो न टाकता पाठवलं की क्लेम डुप्लिकेट म्हणून परत येतो. निदानाचा कोड ठरवताना व्हिजिटच्या तारखेला किती दिवस भरले ते मोजायचं. ८ दिवसांच्या आत झेड००.११०, ८ ते २८ दिवस झेड००.१११, त्यापुढे झेड००.१२९, आणि तपासणीत काही वावगं निघालं तर झेड००.१२१. ३ तारखेला जन्मलेलं बाळ ११ ला आलं तर ११०चा कोड चालत नाही. पहिल्या महिन्याच्या दोन कोडांत ‘वावगं’साठी वेगळा अंक नाही, कावीळ असेल तर तिचा कोड जोडीला द्यायचा.

चार्ट उघडलाच होता म्हणून दोन महिन्यांची व्हिजिटही तपासली. लसी चार : पाच घटकांची एकत्रित लस ९०६९८, हिपॅटायटिस बी ९०७४४, न्यूमोकोकल ९०६७७, रोटाव्हायरस ९०६८०. क्लेममध्ये ९०७४४ नव्हताच. आपल्याकडच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिपॅटायटिस बी असते, त्यामुळे आपल्या कोडरला ती दोनदा लागल्यासारखी वाटते. ९०६९८ मध्येही पाचच घटक, पण हिपॅटायटिस बी नाही. तिच्या जागी पोलिओ. ही चूक मला फार समजण्यासारखी वाटते, म्हणूनच नव्या मुलांना आधी तीच दाखवतो.

लस देण्याचं शुल्क मोजताना प्रत्येक लशीच्या पहिल्या घटकाला ९०४६०, उरलेल्यांना ९०४६१. इथे ९०४६० चार, ९०४६१ चार. नोटमध्ये डॉक्टरांनी समुपदेशन केल्याचं लिहिलेलं नसेल तर हे दोन्ही कोड बाद. मग पहिल्या इंजेक्शनला ९०४७१ एक, उरलेल्या इंजेक्शनांना ९०४७२ दोन, आणि तोंडावाटे दिलेल्या रोटाव्हायरससाठी ९०४७४ एक. या चार्टमध्ये समुपदेशनाची ओळ होती.

त्याच व्हिजिटला आईने भरलेली नैराश्याची प्रश्नावली स्कॅन करून ठेवली होती, गुणांची बेरीज डॉक्टरांनी खाली लिहिलेली. अशा प्रश्नावलीचा कोड ९६१६१, बाळाच्याच नावावर. तोही लागला नव्हता. दुरुस्त क्लेममध्ये घातला.