मोटर चालू असतानाची रेंज

महाविद्यालयीन संघांनी स्पर्धेसाठी बांधलेली मॉडेल विमाने पहिल्यांदा हवेत नेणे आणि त्यांचे ट्रिम, म्हणजे सरळ उडण्यासाठीचे बारीक समायोजन, बसवून देणे हे माझे काम आहे. बघणाऱ्याला त्यातले उड्डाण तेवढे दिसते. प्रत्यक्षात सकाळचा बराचसा वेळ रेडिओची रेंज, म्हणजे नियंत्रणाचा सिग्नल किती अंतरापर्यंत पोहोचतो ते, तपासण्यात जातो, आणि संघांची कुरकुरही याच वेळेबद्दल असते. गेल्या सुगीनंतर एका संघाच्या विमानाबाबत जे घडले, त्याचा उलगडा मला अजून पूर्ण झालेला नाही.

सोलापुरात या कामासाठी जागा मिळवणे हेच अवघड आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे शहराजवळ उडवण्याचा प्रश्नच येत नाही; २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. बार्शी रस्त्याकडचे नान्नजचे माळरान हे माळढोकाचे अभयारण्य आहे, तिकडे मॉडेल घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये. म्हणून आम्ही मंगळवेढा रस्त्याने कामतीच्या अलीकडच्या एका मुरमाड माळावर, मालकाला विचारून, वारा सुटण्याआधी पोहोचतो.

विमान नेटके होते. दोन मीटरचे बाल्साचे पंख, पुढे इलेक्ट्रिक मोटर, चार सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि शेपटीपर्यंत गेलेली कार्बन फायबरची नळी. मुलांनी सांधे इतके सफाईने चिकटवले होते की पाहून समाधान वाटले. सिग्नल पकडणारा रिसीव्हर मात्र उरलेल्या जागेत बसवला होता, आणि जवळपास प्रत्येक संघाच्या विमानात मला हेच दिसते. वजन, पंखाचा छेद, सादरीकरणाचे फलक यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. रिसीव्हरची जागा कोणीतरी शेवटच्या रात्री ठरवतो.

रेंज तपासणी म्हणजे सिग्नल पाठवणारा हातातला ट्रान्समीटर मुद्दाम अशक्त करून पाहणे. पूर्वी, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या काळात, ट्रान्समीटरची लांब अँटेना मिटवून पावले मोजत जायचे. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत त्यासाठी वेगळा मोड असतो. तो निवडला की प्रक्षेपणाची शक्ती पुष्कळ कमी होते, आणि साधारण ३० पावलांवरून सगळे सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, विनाअडखळता चालले पाहिजेत. हे अंतर प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तिकेत देते आणि तेच पाळावे. मॉडेल जमिनीवर ठेवायचे नाही, कारण जमीन सिग्नल खाते. लोखंडी टेबल किंवा गाडीचा टप चालत नाही. आणि विमान छातीशी धरून उभा राहिलेला विद्यार्थीही चालत नाही, कारण या वारंवारतेला माणसाचे शरीर मोठा अडथळा असते. मी लाकडी टेबल सोबत नेतो. विमान त्यावर मागून पक्के बांधतो आणि स्वतः त्याच्याभोवती वर्तुळात फिरतो. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत क्षीण असतो, त्यामुळे एकाच बाजूने घेतलेल्या चाचणीला मी चाचणी मानत नाही.

मोटर बंद असताना पूर्ण वर्तुळ निर्दोष गेले. सोबत आलेले मार्गदर्शक प्राध्यापक घड्याळ बघू लागले आणि संघाचा कप्तान म्हणाला, ‘‘सर, गेल्या महिन्यात उडलंय की हे. आता काय बघायचं राहिलंय?’’

मोटर चालू असतानाची रेंज बघायची राहिली होती. ही चाचणी मोटरचा पंखा (प्रोपेलर) लावूनच करावी लागते, कारण पंख्याशिवाय मोटर फारसा प्रवाह घेत नाही आणि तारांमधला विद्युत गोंगाट खऱ्या उड्डाणाइतका होतच नाही. पंख्याच्या पुढे आणि फिरण्याच्या पातळीत कोणी उभे राहू नये, असे दोनदा बजावून मी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, पाऊणपर्यंत नेला आणि चालू लागलो. समोरून ठीक होते, उजवीकडून ठीक होते. डाव्या बाजूला शेपटीच्या अंगाला आल्यावर एलेव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) क्षणभर थिजला आणि मोटर आपोआप बंद पडली. सिग्नल तुटल्याने फेलसेफ या सुरक्षा-सोयीने तिला शून्यावर आणले होते. मोटर थांबली असे समजून एक मुलगा पुढे सरसावला, आणि मी थ्रॉटलची काडी खाली ओढेपर्यंतच्या त्या क्षणात सिग्नल परत जुळून पंखा पुन्हा गरगरला. मी ओरडलो, मुलगा जागीच थांबला, मी काडी खाली घेतली. पंखा आपणहून थांबला तर तो कधीही सुरू होऊ शकतो, बॅटरी काढेपर्यंत हात लावायचा नाही, हे प्रत्येक संघाला शिकवलेच पाहिजे.

त्यानंतर बराच वाद झाला. प्राध्यापकांचे म्हणणे असे होते की खऱ्या उड्डाणात ट्रान्समीटर पूर्ण शक्तीवर असतो, त्यामुळे अशक्त मोडमधला एक धक्का मनावर घेऊ नये. माझे म्हणणे, शक्ती कमी करून तपासतात ती याच कारणासाठी, की दूरवर जे घडणार ते जवळ दिसावे. मी उडवण्यास नकार दिला.

झाकण काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात असायला हव्यात. इथे त्या समांतर होत्या आणि कार्बनच्या नळीला टेपने चिकटवलेल्या होत्या. या अँटेनाचा खरा भाग म्हणजे टोकाकडची सुमारे ३१ मिलिमीटर उघडी तार, साडेबारा सेंटीमीटरच्या लहरीचा चौथा हिस्सा. तेवढाच भाग विद्युतवाहक कार्बनला टेकला की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. दुसरे म्हणजे, मोटरची गती ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या जाड तारा रिसीव्हरवरूनच गेलेल्या होत्या.

यापुढची गोष्ट मला खटकते. मी एकेक बदल करून पाहू या असे सांगत असतानाच मुलांनी घाईने अँटेना काटकोनात बाहेर काढल्या आणि तारांचा मार्गही बदलून टाकला. नंतरची चाचणी सर्व बाजूंनी, पूर्ण थ्रॉटलवरही, स्वच्छ झाली. विमान उडाले आणि सुंदर उडाले. पण दोष कशाचा होता? फक्त कार्बनचा आडोसा असता तर मोटर बंद असतानाही त्या दिशेला रेंज घटायला हवी होती. फक्त गोंगाट असता तर तो सगळ्या दिशांना जाणवायला हवा होता, शिवाय स्पीड कंट्रोलरचा गोंगाट मुळात बऱ्याच कमी वारंवारतेचा असतो. टेलिमेट्रीत, म्हणजे विमानाकडून परत येणाऱ्या नोंदींत, रिसीव्हरचा विद्युतदाब ५ व्होल्टच्या आसपास स्थिर दिसत होता, मात्र टेलिमेट्री थांबून थांबून मोजते, क्षणिक घसरण तिच्यातून निसटू शकते. माझा अंदाज असा की आडोशामुळे त्या बाजूचा सिग्नल आधीच काठावर आला होता आणि तारांमधून रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यात शिरलेल्या गोंगाटाने उरलासुरला वाव संपवला. आधीची उड्डाणे बहुधा जवळच्या अंतरावर झाल्याने निभावली असावीत. पण हा अंदाज आहे, आणि अंदाजावर पुढच्या संघाला काय सांगावे हे मला कळत नाही.

विमान आता स्पर्धेहून परत आले आहे. तारा जुन्या जागी ठेवून अँटेना नव्या जागी, मग त्याच्या उलट, अशा दोन चाचण्या घेण्याची मी संघाला लेखी विनंती केली आहे. कप्तानाने होकार दिला आहे. टेबल आणि माझा वेळ मी देणार आहे.