साडेचारचा संचार

वेरूळला गाइडचं लायसन घेऊन मला बारा वर्षं झाली. चौतीस लेणी, त्यातली बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन, हे वाक्य मी झोपेत इंग्रजीतून म्हणू शकते. जानेवारीत मात्र जे काम आलं ते दुभाषाचं होतं. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळच्या वाटेवर, एका शेतातल्या रिसॉर्टवर तीन दिवसांचं शिबिर. वेगवेगळ्या देशांतल्या शमन परंपरांची, म्हणजे अंगात संचार घेऊन देवा-पूर्वजांशी बोलणारी माणसं एकत्र येणार, पुण्या-मुंबईची आणि बाहेरची तीसेक माणसं पैसे भरून ते बघणार, अनुभवणार. मंगोलियाचे एक बुवा, नेपाळचे झांक्री, पेरूतल्या उकायाली नदीकाठच्या शिपिबो जमातीचे एक गायक. आणि 'स्थानिक परंपरा' म्हणून तुळजापूरकडच्या एक आराधीण आजी. आजींचं इंग्रजी करायचं आणि इंग्रजीचं आजींना सांगायचं, हे माझं काम.

छापील वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं : 'साडेचार ते सहा, देवीचा संचार. नंतर चहा.' ते वाचूनच मला पुढचं दिसायला हवं होतं.

आयोजक तसे सावध होते. दारातच मराठी-इंग्रजी फलक : इथे कोणताही आजार बरा केला जात नाही, चालू औषधं बंद करू नका. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. अंगात शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं किंवा भीती घालणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं, असल्या गोष्टींना त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. त्यांच्या वकिलानं तो नीट वाचलेला दिसत होता. पेरूकडचा 'आयाहुआस्का' हा प्रसिद्ध काढाही नव्हता. त्यातला डीएमटी हा भास घडवणारा पदार्थ आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात बसतो. त्यामुळे शिपिबो गायकांनी नुसती 'इकारो' ही त्यांची मंत्रगाणी म्हटली, हातात वाळल्या पानांची जुडी सळसळवत. आजी माझ्या कानाशी लागल्या, "लिंबाच्या डहाळ्यानं उतरवत्यात की आपल्याकडं. ह्यो बी त्येच करायलाय."

पहिल्याच सत्रात पुण्याच्या एका गृहस्थांनी उभं राहून 'शमन' हा आपलाच संस्कृत शब्द असल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. तो शब्द सायबेरियातल्या इवेंकी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे जगभर गेला. त्याच्यामागे पुन्हा आपला 'श्रमण', म्हणजे भिक्षू, आहे का, यावर अभ्यासकांचे वाद झाले आहेत. दहाव्या लेण्यासमोर मी दिवसातून दहा वेळा श्रमण म्हणते, पण तिथे गप्प बसले. गाइडनं पाहुण्याला चुकीचं ठरवायचं नसतं.

माझी अडचण दुसऱ्याच शब्दाची झाली. आजींची ओळख 'हीलर' अशी करून दिली गेली.

"हीलर म्हंजी काय गं?"

"बरं करणारी."

"मग त्यास्नी सांग, म्या न्हवं. माझं गुडघं बघ की."

मी तसंच्या तसं सांगितलं. सगळे कौतुकानं हसले. त्यांना तो विनय वाटला, आजी मात्र गुडघ्यांबद्दलच बोलत होत्या. पेरूच्या पाहुण्यांना स्वतंत्र खोली होती, आजींना बायकांच्या डॉर्मिटरीत वरची खाट. खालची मी भांडून मिळवली.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती दुसऱ्या दिवशीची दुपार, जी वेळापत्रकात नव्हतीच. मंगोलियाचे बुवा आपला चामड्याचा डफ घेऊन स्वयंपाकघरामागच्या चुलीशी येऊन बसले. थंडीनं चामडं सैल पडलं होतं. ते डफ जाळासमोर धरायचे, फिरवायचे, नखानं टिचकी मारून कान द्यायचे. भाकरी थापणाऱ्या मावशी हात थांबवून बघत होत्या. "हलगी शेकायलेत," त्या म्हणाल्या आणि चुलीत आणखी दोन पऱ्हाट्या सारल्या. मग नेपाळचे झांक्री त्यांचा ढ्यांग्रो घेऊन आले. दोन तोंडांचा ढोल, खालून कोरीव लाकडी मूठ, वाजवायची काठी वेताची, पुढे वाकलेली. आजींनी ती काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आपल्या संबळाचीही एक काठी अशीच वाकडी असते. कुणी काही बोललं नाही. दुभाषाला तासभर काम नव्हतं.

साडेचार वाजले. आजींनी कवड्यांची माळ घातली, परडी पुढे ठेवली, पोत पाजळला, 'आई राजा उदो उदो' केलं. दोन गाणी म्हटली. लोक वाट बघत राहिले. पाच वाजता आयोजक बाई माझ्यापाशी येऊन कुजबुजल्या, संचार कधी सुरू होईल तेवढं विचारता का?

मी विचारलं.

"ती काय येष्टी हाय व्हय? टायमाला यायला?" आजींनी पोत विझवला आणि चहा मागितला.

याचं इंग्रजी मी 'देवीची आज इच्छा नाही' असं केलं.

रात्री आवारात शेकोटी होती. झांक्रींनी ढ्यांग्रो हातात घेतला. सुरुवातीला ठोका संथ होता, मग तो एका लयीत पडला आणि तिथेच राहिला. भाकरीवाल्या मावशी चहाचे स्टीलचे ग्लास ताटात घेऊन फिरत होत्या. माझ्यापासून चार हातांवर आल्या आणि ताट थरथरायला लागलं. ग्लास एकमेकांवर वाजत होते, आधी हळू, मग ढ्यांग्रोच्या ठोक्यावर. ताट पडलं, अंबाडा सुटला आणि मावशी घुमायला लागल्या.

पहिले चार मोबाइल वर झाले. मी उभी राहून मोठ्यानं सांगितलं की देवीसमोर फोन चालत नाही, ही इथली जुनी प्रथा आहे. प्रथा मी जागेवरच बनवली होती. फोन खाली गेले.

आजी गुडघे विसरून उठल्या. मावशींच्या कपाळी कुंकू लावलं, दोन्ही दंड धरले आणि विचारलं, "कोण हाईस? काय पायजे?"

मग जे आलं ते भराभर आलं. नारळ नको, लुगडं नको. माझ्या झाडाला चार वर्सं फिरवायलेत. (अंगात आलेल्या माणसाला झाड म्हणतात. बोलणारी देवी, मावशी नुसतं झाड.) झाडाचा धनी गेला, झाड दुसऱ्याच्या चुलीवर राबायलंय. दिरानं सातबारा एकट्याच्या नावानं ठिवलाय. माझ्या झाडाचं नाव लावा सातबाऱ्यावर, न्हाईतर घर बसू देणार न्हाई.

आणखीही काही आलं, दिराबद्दलच. ते मी इथेही लिहिणार नाही.

तीस तोंडं माझ्याकडे वळली होती. देवी काय म्हणते? बारा वर्षांत मी शब्द गाळला नव्हता, निदान मुद्दाम नाही. पण त्या बाईला सकाळी याच लोकांना पोहे वाढायचे होते. मी म्हणाले, "देवीचं काही देणं राहिलंय, ते ती मागते आहे." तीन मिनिटांच्या बोलण्याचं एक वाक्य.

इकडे आजींची बोलणी चालूच होती. "ऐकलं आई. पाडव्यापतुर मुदत दे. झाडाला तरास नको."

"कबूल कोण करतंय?"

एरवी इथे घरचा माणूस पुढे होतो, पदर पसरतो. घरचं कुणी नव्हतंच. आजींनी चौफेर पाहिलं आणि माझ्यावर थांबल्या. "ही करती. हिला कागदं कळत्यात."

मी देवाला हात जोडते, पण अंगात येण्यावर माझा विश्वास नाही. हे तिथे कुणाला सांगणार? माझ्याच तोंडून "करते" असं निघालं. मावशी खाली बसल्या, आजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सांडलेल्या चहाची ओल माझ्या चपलेत शिरली होती, ते तेव्हा कळलं.

मंगोलियाच्या बुवांबरोबर त्यांचा एक मदतनीस होता. अंगात आलेला पूर्वज जे बोलतो ते लोकांना उलगडून सांगणं हेच त्याचं काम, त्यांच्यात त्याला तुशे म्हणतात. म्हणजे माझाच धंदेबंधू. निखाऱ्याशी बसल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडेही कधी कधी पूर्वज खूप थोडं बोलतात." आणि हसला. झांक्रींनी हिंदीत सरळच विचारलं, देवी ने क्या माँगा? त्यांना मी खरं सांगितलं. सातबारा म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हमारे यहाँ लालपुर्जा माँगती है." लालपुर्जा म्हणजे तिकडचा जमिनीच्या मालकीचा कागद.

सकाळी मी पोह्यांच्या रांगेत असताना मावशींनी मला बाजूला घेतलं. रात्रीचं त्यांना किती आठवत होतं, मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "ताई, कागदं काय काय लागत्यात?"

प्रकरण साधं नव्हतं. सासरे गेल्यावर दिराचं नाव 'एकुमॅ' म्हणून लागलं होतं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मावशींच्या नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कधी आलंच नव्हतं. म्हणजे तो शेरा कमी करून सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले. फेरफार धरला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. सरकारनं 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायला. मावशींच्या उताऱ्यावर मेलेला कुणी नव्हता, दीर चांगला जिवंत होता. नवऱ्याचा दाखला ट्रंकेत आहे, त्या म्हणाल्या. सासऱ्यांच्या मृत्यूची नोंदच केलेली नव्हती. वर्षाच्या वर गेलेल्या नोंदीला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो.

तो आदेश मिळायलाच पाडवा उलटला. दिरानं हरकत घेतली आहे, तारखा चालू आहेत. तारखेच्या दिवशी मी मावशींबरोबर तहसीलला जाते, वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांना दुसरा गाइड देते. आता नवरात्र तोंडावर आलंय. आजींचा दर मंगळवारी फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"कुठवर आलं?"