झिरो फेस्टिव्हल: आधी गमबूट, मग लाइनअप

सप्टेंबरच्या अखेरीस अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात भात पिवळं पडू लागतं आणि त्याच खाचरांच्या कडेला चार दिवस बँड वाजतात. २०१२ साली तिथलेच बॉबी हानो आणि दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ बँडचा गिटारिस्ट अनुप कुट्टी यांनी हा संगीत फेस्टिव्हल सुरू केला. सॉनिक यूथ या अमेरिकी रॉक बँडचे ली रानाल्डो आणि स्टीव्ह शेली इथे वाजवून गेलेत, हे कळल्यापासून जायचं डोक्यात होतं.

पण नुसत्या हेडलायनरसाठी एवढ्या लांब जाऊ नका. मोठी नावं आज ना उद्या पुण्या-मुंबईतही ऐकायला मिळतात. इथली खरी चैन म्हणजे दुपारचं दान्यी स्टेज. इथल्या आपातानी जमातीच्या कारागिरांनी बांबूचं उभारलेलं, समोर उतारावर गवत, मागे डोंगर. ईशान्येतले कितीतरी बँड मी इथेच पहिल्यांदा ऐकले. एका तिघांच्या बँडने तर ‘गाणं’ म्हणावं असं काही वाजवलंच नाही. गिटारचा एकच सूर फीडबॅकमध्ये (स्पीकरच्या आवाजाने तार घुमतच राहते तसा) धरून ठेवला, ड्रमर नुसता सिंबलवर घुटमळत राहिला. लोक कंटाळून उठायला लागले आणि नेमका तेव्हा बेस आला! उठलेले सगळे तिथेच उभे राहिले. हे रेकॉर्डिंगवर ऐकलं असतं तर मी दुसऱ्या मिनिटाला पुढे ढकललं असतं.

रात्रीच्या पिलो स्टेजला पुढे रेटारेटी करू नका. साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्यांच्या टेबलाच्या, आसपास उभं राहा, आवाज तिथेच सगळ्यात नीट मिळतो. कानात घालायचे बोळे हवेतच. छत्री नको, मागच्यांच्या शिव्या बसतात, रेनकोट घ्या. चिखल घोट्यापर्यंत असतो, त्यामुळे गमबूट. नसतील तर खोऱ्यातल्याच हापोली गावच्या बाजारात बघा. अंधार पाचच्या सुमारासच पडतो आणि मग थंडी वाजते.

जायचं कसं? गुवाहाटीहून रात्रीची डोन्यी पोलो एक्स्प्रेस पकडली की सकाळी नाहरलगून. तिथून शेअर सुमोने शंभरेक किलोमीटर. घाटरस्ता आहे, पावसात अर्धा दिवस धरूनच चाला. २०२२पासून इटानगरजवळ होलोंगीला विमानतळही झालाय. इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना) घरूनच ऑनलाइन काढा आणि त्याच्या छापील प्रती जवळ ठेवा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, रोख पैसे बाळगा.

राहायला तंबूपेक्षा आपातानी गावातला होमस्टे बरा, फक्त लवकर ठरवा. चुलीवर धुरावलेलं डुकराचं मांस, बांबूचे कोंब आणि तांदळाची बिअर मिळते. शाकाहाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. नाकात चकत्या घातलेल्या आज्या दिसतील; विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

परतीची सुमो मात्र फेस्टिव्हल संपायच्या आधीच हापोलीत ठरवून टाका. सोमवारी सकाळी सगळं खोरं एकदम रिकामं होतं आणि उरलीसुरली सीट मिळाली तरी ती मागची, सामानावर पाय ठेवून बसायची.